हार्ट सावकाश चालायचा. पळवतोय तो आपला प्रोजेक्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मूकपटांतल्या काउबॉय नटांवर आलेला लेख वाचला. मराठीत या विषयाला सहसा कोणी हात लावत नाही, म्हणून आधी आभार. पण विल्यम एस. हार्टवरच्या परिच्छेदात दोन विधानं अशी आहेत की ती तशीच राहिली तर पुढचा लेखक तिथूनच उचलणार. एक, बोलपट आले आणि हार्टची कारकीर्द आटोपली. दुसरं, त्या काळच्या सगळ्याच नटांसारखं त्याचंही काम आज पाहताना हसू येतं, कारण माणसं किल्ली दिल्यासारखी तुरुतुरु चालतात. पहिलं विधान तारखा लावल्या की निकालात निघतं. दुसऱ्यासाठी मात्र यंत्रात हात घालावा लागतो.

तारखा अशा. हार्टचा शेवटचा चित्रपट 'टंबलवीड्स' १९२५ चा. बोलपटांची लाट ज्यानं आणली तो 'द जॅझ सिंगर' न्यूयॉर्कला लागला ऑक्टोबर १९२७ मध्ये. बोलपटानं गाशा गुंडाळायला लावण्याआधी दोन वर्षं हा गृहस्थ घरी बसलेला होता. आणि आवाजाला घाबरावं असा तो नटही नव्हता. जन्म १८६४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गचा. सिनेमात आला १९१४ मध्ये, पन्नाशीला टेकल्यावर. त्याआधीची सगळी उमेदीची वर्षं रंगमंचावर गेली. १८९९ साली ब्रॉडवेवर 'बेन-हर' आलं त्यात मेसाला या खलनायकाची भूमिका त्याची. रंगमंचावर सरकत्या पट्ट्यांवर खरे घोडे दौडत आणि रथांची शर्यत होई, ते हे नाटक. पुढे 'द स्क्वॉ मॅन' आणि 'द व्हर्जिनियन' या नाटकांतून तो काउबॉयच्या वेशात आला. माइक नसलेल्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा गळा होता तो. ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी 'टंबलवीड्स'ची १९३९ ची आवृत्ती पाहावी. त्या वेळी चित्रपट पुन्हा बाजारात आणताना हार्टनं न्यूहॉलच्या आपल्या रँचवर उभं राहून आरंभी आठेक मिनिटांचं निवेदन केलं. वय ७४. बोलणं जुन्या गद्य नाटकाच्या ठेक्याचं, थोडं फुलवलेलं, पण शब्द न् शब्द स्वच्छ.

मग तो थांबला कशामुळे? व्यवहार फिसकटला म्हणून. पण आधी तो सिनेमात आला कसा ते पाहू. नाटकाच्या दौऱ्यावर क्लीव्हलँडला असताना त्यानं एक काउबॉयपट पाहिला आणि त्यातले कपडे, खोगिरं, वागणं सगळं खोटं आहे हे बघून तो चिडला. लहानपण मध्य-पश्चिमेत गेलेलं, त्यामुळे त्याला यातलं कळत होतं. टॉमस इन्स हा जुना ओळखीचा माणूस तोवर कॅलिफोर्नियात निर्माता झाला होता. त्याच्याकडे आठवड्याला सव्वाशे डॉलरवर हार्ट लागला. आधी दोन रिळांच्या छोट्या चित्रपटांत खलनायक, मग 'द बार्गेन' (१९१४), मग स्वतःच दिग्दर्शन. १९१७ पासून पॅरामाउंटच्या छत्राखालची आर्टक्राफ्ट ही शाखा, १९२० पासून स्वतःची निर्मितिसंस्था. चॅप्लिन, पिकफर्ड, फेअरबँक्स, ग्रिफिथ १९१९ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स ही स्वतःची वितरणसंस्था उभी करत होते, तेव्हा पहिल्या बोलण्यांत हार्टही होता. मग मागे सरकला. विशीच्या दशकात प्रेक्षकांना टॉम मिक्स या दुसऱ्या काउबॉय नटाची धमाल हवीशी झाली. पॅरामाउंटला हार्टच्या कथा जुनाट वाटू लागल्या, हार्टला दुसऱ्याच्या कथा नको होत्या. तो बाहेर पडला, 'टंबलवीड्स' स्वतःच्या हिमतीवर काढला, वितरण युनायटेड आर्टिस्ट्सकडे दिलं, आणि वितरण नीट केलं नाही म्हणून त्यांच्यावरच खटला भरला. तो वर्षानुवर्षं चालला. पडद्यावरून जाण्याचं कारण हे. आवाजाचा इथे काडीचा संबंध नाही.

आता तुरुतुरु चालण्याकडे येतो. मुद्द्याचं तेच आहे.

३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (म्हणजे फ्रेम, एकेक स्थिर चित्र) बसतात. एक पूर्ण रीळ हजार फुटांचं, म्हणजे १६,००० चौकटी. हे रीळ सेकंदाला १६ चौकटींनी चालवलं तर १६ मिनिटं ४० सेकंद चालतं. १८ ला पावणेपंधरा मिनिटांच्या थोडं वर. २० ला १३ मिनिटं २० सेकंद. २४ ला ११ मिनिटं ७ सेकंद. फिल्म तीच, नट तोच, आणि वेळेत साडेपाच मिनिटांचा फरक.

हा घोळ झाला कारण हार्टच्या काळात 'बरोबर' वेग असा ठरलेलाच नव्हता. कॅमेरा हातानं फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणून १६ हा नाममात्र आकडा. प्रत्यक्षात छायाचित्रकाराचा हात, प्रसंगाचा मूड आणि त्या दिवशीचा प्रकाश यांवर तो खाली-वर होई. थिएटरातला ऑपरेटर वरून आणखी आपल्या मर्जीनं पळवी, कारण मालकाला दिवसात एक खेळ जादा बसवायचा असे. २४ हा आकडा पक्का झाला तो ध्वनीमुळे: आवाजाची पट्टी वेग जरा हलला तरी कण्हते, त्यामुळे मोटर बांधून घ्यावी लागली. नंतरचे प्रोजेक्टर २४ लाच बांधलेले आले. टीव्ही, व्हीएचएस, डीव्हीडी, सगळ्यांनी तोच वारसा उचलला. १८ नं घेतलेलं दृश्य २४ नं दाखवलं की ते तेहतीस टक्के जलद होतं. १६ नं घेतलेलं तर दीडपट.

विनोदी नटाला हे एक वेळ चालून जातं. हार्टला नाही, कारण त्याची सगळी कला थांबण्यात आहे. 'हेल्स हिंजेस' (१९१६) घ्या. गावातला बदमाष ब्लेझ ट्रेसी. नव्या पाद्र्याला हुसकावून लावायचं काम त्याच्याकडे. गाडीतून पाद्री उतरतो, त्याची बहीण उतरते, आणि ट्रेसी तिच्याकडे बघत राहतो. चेहऱ्याचे स्नायू जवळजवळ हलत नाहीत. हलतात ते डोळे. जबड्याचा ताण उतरतो. समजा, हे बघणं पाच सेकंदांचं आहे. १८ नं त्याच्या ९० चौकटी झाल्या. त्याच ९० चौकटी २४ नं पावणेचार सेकंदांत संपतात. विचार करणारा माणूस दचकलेला दिसायला लागतो. पाच रिळांचा हा चित्रपट, रिळं पूर्ण भरलेली धरली तर, २० च्या वेगानं ६६ मिनिटांच्या आसपास चालतो आणि २४ नं साडेपंचावन्न. ती अकरा मिनिटं जातात कुठून? पाठलागातून आपल्याला ती कमी झालेली जाणवत नाहीत. ती जातात अशा बघण्यातून.

चित्रपटाच्या बरोबर वेगाचा शोध कागदपत्रांतून क्वचितच लागतो. चित्रातच शोधावा लागतो, आणि त्याची एक सोपी युक्ती आहे. सव्वा मीटर उंचीवरून सुटलेली जड वस्तू अर्ध्या सेकंदात जमिनीला टेकते. गुरुत्वाकर्षण सगळ्या काळात सारखंच. काउबॉयपटात साधारण छातीच्या उंचीवरून बंदूक टाकायला लावण्याचे प्रसंग पैशाला पासरी. हातातून सुटल्यापासून जमिनीला लागेपर्यंत चौकटी मोजा आणि दुप्पट करा. आठ चौकटी भरल्या तर वेग १६, नऊ भरल्या तर १८, दहा भरल्या तर २०. टोपी चालणार नाही, ती हवेवर तरंगते. कमरेवरून पडणारं पिस्तूलही चालणार नाही, उंची कमी पडते आणि एका चौकटीच्या चुकीनं उत्तर फार हलतं. चार-पाच ठिकाणी मोजून मधला आकडा घ्यावा.

इथे एक खड्डा आहे, त्यात भलेभले पडतात. पाठलागावरून वेग ठरवू नये. घोडे जोरात दिसावेत म्हणून पाठलाग मुद्दाम कमी चौकटींनी घेत. छायाचित्रकार हँडल सावकाश फिरवी, सेकंदाला बारा-चौदा चौकटींपर्यंत उतरे. भरधाव घोडा सेकंदाला दोन-सव्वादोन ढांगा टाकतो. पडद्यावर तो तीन टाकताना दिसला म्हणून सगळी फिल्म हळू केली, तर गुत्त्यात बसलेली माणसं पाण्याखाली हलल्यासारखी दिसतील. मोजायचं ते चालणं, पेला उचलणं, खोगीर चढवणं. मग पाठलाग थोडा जलद दिसला तर दिसू द्यावा, तो तसाच अपेक्षित होता.

उलट्या टोकाची चूकही होते. मूकपट म्हणजे १६, असं पाठ केलेले लोक 'टंबलवीड्स' १६ नं दाखवतात आणि प्रेक्षक झोपतात. आमच्या अंदाजानं हार्टच्या १९१४ ते १९१६ च्या कामाला १८ च्या आसपास, १९१७ ते १९२० च्या चित्रपटांना १८ ते २०, आणि शेवटच्या दोन-तीन चित्रपटांना २० ते २२ बसतं. 'टंबलवीड्स'मधली जमिनीसाठीची धाव (१८९३ ची, ओक्लाहोमातल्या चेरोकी स्ट्रिपची) २४ नंही खपते, पण तोच वेग लावला की आधीचा संथ अर्धा तास बिघडतो. रिळागणिक वेग बदलायची सोय असेल तर बदलावा. त्या काळचे चांगले ऑपरेटर तेच करत.

ज्यांच्याकडे अजून जुना ३५ किंवा १६ मिलिमीटर प्रोजेक्टर चालू आहे, त्यांनी शटर, म्हणजे दिव्याचा प्रकाश अडवत फिरणारी पाती, आधी बघावं. दोन पात्यांचं शटर २४ च्या वेगाला सेकंदाला ४८ वेळा प्रकाश सोडतं. डोळ्याला ते जवळजवळ सलग वाटतं. तेच शटर १८ ला लावलं की ३६ झाले, पडदा लुकलुकू लागतो, लोक डोळे चोळतात आणि 'जुनी फिल्म' म्हणून सोडून देतात. तीन पात्यांचं शटर १६ लाही ४८ देतं, १८ ला ५४. पण तिसरं पातं प्रकाश खातं, त्यामुळे पडदा लहान घ्यावा किंवा दिवा वाढवावा. १६ मिलिमीटरचं ४०० फुटी रीळ घेतलं की हिशेब सोपा होतो: त्याच्या एका फुटात ४० चौकटी, म्हणजे त्यातही १६,०००च, वरच्या वेळा जशाच्या तशा लागू.

दुसरी तपासणी चौकटीच्या आकाराची. मूकपटाची चौकट फिल्मची पूर्ण रुंदी वापरते, चाराला तीन या मापात. नंतर ध्वनिपट्टी जोडून काढलेल्या प्रतींत डावीकडची एक पट्टी कापली जाते. प्रोजेक्टरला बोलपटाची प्लेट (चौकटीच्या मापाची खिडकी असलेली पट्टी) तशीच राहिली तरी तेच होतं. लक्षण ओळखीचं आहे: मधोमध उभा असलेला माणूस कायम डावीकडे सरकलेला दिसतो. टीव्हीवर याहून वाईट घडतं. सोळास नऊच्या पडद्यावर 'झूम' केलं की उंचीचा चौथा हिस्सा गेला. हार्ट उंच, आणि दोन पिस्तुलं कमरेवर खाली बांधलेली. चौथा हिस्सा कापल्यावर एक तर टोपी राहते नाही तर पिस्तुलं. बाजूंना काळे पट्टे येऊ द्यावेत.

तिसरी गोष्ट रंगाची. रात्रीची दृश्यं भर उन्हात घेत आणि त्या भागाची प्रत निळ्या रंगात बुडवत. दिव्याच्या उजेडाला पिवळसर, आगीला लाल. 'हेल्स हिंजेस'च्या शेवटी ट्रेसी गुत्त्यातले टांगलेले दिवे गोळ्यांनी फोडतो आणि गाव पेटतं. नुसत्या काळ्या-पांढऱ्या नकलेत तो धूर दिसतो फक्त. आणि कोणी कंदील घेऊन लख्ख उन्हात चालत असेल तर दिग्दर्शकाला हसू नये, नक्कल काढणाऱ्यानं निळा रंग गाळलाय.

बहुतेक वाचक हे सगळं यूट्यूबवरच बघणार, म्हणून तेवढंच सविस्तर. संगणकावर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबत गेलं की एक-एक चौकट पुढे सरकते. कॅमेरा स्थिर नसलेल्या किंवा घोडा हलत असलेल्या जागी वीसेक चौकटी अशा मोजाव्या. प्रत्येक चौकट वेगळी निघाली आणि व्हिडिओ सेकंदाला २४ चौकटींचा असेल, तर कोणी वेग दुरुस्त केलेला नाही; सेटिंगमध्ये वेग ०.७५ करा, नेमका १८ मिळतो. दर चौथी चौकट मागच्याचीच नक्कल असेल, तर १८ चं २४ आधीच करून ठेवलंय. पुन्हा हळू करायला जाऊ नका. दर सहावी चौकट नक्कल निघाली तर मूळ वेग २० धरलाय. वेग कमी केल्यावर संगीत रेंगाळतं, ते बंदच करावं. तसंही बहुतेक व्हिडिओंवर कुठलाही पियानो चिकटवलेला असतो. टीव्हीतला 'स्मूथ मोशन' का काय म्हणतात तो पर्याय आठवणीनं बंद ठेवावा. तो मधल्या चौकटी स्वतःच्या मनानं रचतो आणि घोड्याचे पाय एकमेकांत विरघळतात.

हे काही अमेरिकेपुरतं नाही. फाळक्यांचा विल्यमसन कॅमेराही हातानंच फिरवायचा होता. 'कालिया मर्दन' (१९१९) मधली त्यांची मुलगी मंदाकिनी दूरदर्शनच्या तुकड्यांत ज्या वेगानं उड्या मारताना दिसते, तो वेग ना तिचा ना फाळक्यांचा. वरची सगळी मोजमापं तिथेही चालतात, फक्त पिस्तुलाऐवजी दुसरं काही पडताना शोधावं लागेल.

चित्रपटांच्या संख्येबाबतही जपून. हार्टचे सुरुवातीचे दोन रिळी चित्रपट पुढे नव्या नावांनी पुन्हा पुन्हा विकले गेले. त्यामुळे एकच चित्रपट यादीत दोन-तीनदा येतो आणि आकडा फुगतो. निदान ते चित्रपट बऱ्याच प्रमाणात उरले तरी. टॉम मिक्सचं तसं झालं नाही. जुलै १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरीला फॉक्सच्या गोदामाला आग लागली. चटकन पेट घेणारी जुनी नायट्रेट फिल्म, उन्हाळ्याचे दिवस. मिक्सचं फॉक्समधलं बहुतेक मूकपटांचं काम त्यात गेलं. २००३ च्या जानेवारीत पुण्यात एफटीआयआयच्या आवारातल्या जुन्या नायट्रेट रिळांची आग ज्यांना आठवते, त्यांना यावर वेगळं सांगायला नको.

जाता जाता, लेखासोबतच्या छायाचित्राविषयी. त्यातला माणूस पांढरी उंच टोपी, भरतकामाचा सदरा आणि चकचकीत बुटांत आहे. घोडा तांबूस, कपाळावर पांढरा पट्टा, मागचे पाय खालून पांढरे. तो टोनी, म्हणजे स्वार टॉम मिक्स. हार्टचा फ्रिट्झ लहानखुरा, अंगभर तांबडे-पांढरे चट्टे असलेला, आणि हार्टचे कपडे नेहमी धुळीनं मळलेले. संकेतस्थळावरचा लेख दुरुस्त करताना १९२५ या सालाबरोबर छायाचित्रही बदलावं, ही विनंती.

आपले,
पुण्यातील फिल्म सोसायटीचे काही प्रोजेक्शनिस्ट